बाबांचा बारा पॉइंट



लिहीन लिहीन म्हणता वर्ष उलटून गेलं. विषय ऐकून काही जण हसतील: ई-पुस्तकांतली अक्षरं एकसारखी नसतात. यात लिहिण्यासारखं काय, असं मलाही वाटलं असतं. पण या अक्षरांपायी २०२४च्या जून महिन्यात आमच्या घरी पाच दिवस जे काही झालं, ते मी विसरू शकत नाही. म्हणून जरा सविस्तर.

बाबा दर उन्हाळ्यात सांगलीहून आमच्याकडे बॉनला येतात. शेंगेन व्हिसा, मोजून नव्वद दिवस. आई गेल्यापासून एकटेच येतात. (आईवडिलांना इथे कायमचं आणायचा खटाटोप ज्यांनी केलाय त्यांना बाकीचं सांगायला नको.) पूर्वी त्यांच्या तेवीस किलोंच्या बॅगेत निम्मं वजन पुस्तकांचं असायचं, उरलेल्यात मेतकूट, भडंग आणि नातीसाठी चिक्की. वयाच्या पंचाहत्तरीनंतर बॅग उचलणं जड जायला लागलं, तेव्हा मी एका टॅब्लेटवर वाचनाचं ॲप टाकून दिलं आणि त्यात मिळतील तेवढी मराठी पुस्तकं भरली. काही विकत घेतलेली, काही संस्थांनी फुकट उपलब्ध केलेली, काही ओळखीच्या लेखकांनी स्वतः पाठवलेली. अक्षराचा आकार सातवर ठेवला आणि आपण मोठं काम केलं अशा समाधानात राहिलो.

बाबांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी गावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. पगाराला तेवढाच टेकू. त्यामुळे आमच्या घरी लहानपणापासून 'पॉइंट', 'खिळा', 'गॅली' हे शब्द वरण-भातासारखे. इतर मुलांचे वडील पुस्तक चांगलं की वाईट ते सांगायचे, आमचे बाबा आधी म्हणायचे, "बारा पॉइंट आहे. डोळ्याला बरं."

आता डोळ्यांचं. बाबांना मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयोमानाने खराब होणं. डाव्या डोळ्यात त्यातला 'ओला' प्रकार. पडद्याखाली नको तिथे रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, आणि सरळ रेघ वाकडी दिसायला लागते. त्या डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली आहेत, पण वाचण्यापुरती नजर काही परत आली नाही. उजव्यात अजून 'सुका' प्रकार आहे आणि सगळं वाचन त्या एका डोळ्याच्या जिवावर. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, उजव्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसली तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी या. घरी तपासायला एक चौकड्यांचा कागद असतो, मार्क आम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेघा सरळ दिसतात का ते पाहायचं. बाबांचा कागद सांगलीच्या फ्रीजवर चिकटवलेला राहिला होता.

तर, शुक्रवारची दुपार. मी घरूनच काम करत होतो. बाबा बाल्कनीतून आत आले, टॅब्लेट टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाले, "अरे, मीटिंग संपली की जरा ऐक. शिरोरेषा वाकडी दिसायला लागली आहे."

मीटिंग तिथेच संपली.

शुक्रवारी दुपारनंतर जर्मनीत डोळ्यांचा डॉक्टर गाठणं काय असतं हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेलो. चार तास बसलो. मी वाटेत टॅब्लेट उघडून पाहिला होता. मला तर काही वेगळं दिसलं नाही, आणि त्यामुळे माझी भीती वाढलीच. तरुण डॉक्टरीण होती, शांतपणे सगळं केलं. बाहुल्या मोठ्या करून पाहिलं, पडद्याचं स्कॅन काढलं. म्हणाली, उजव्या डोळ्यात पाणी नाही, नवीन काही दिसत नाही, थकवा असेल. चौकड्यांचा नवा कागद दिला. त्याच्यावर रेघा सरळ दिसत होत्या.

पण बाबांचा विश्वास बसेना. घरी येऊन त्यांनी शनिवारी पुन्हा तेच पुस्तक उघडलं, पुन्हा शिरोरेषा वाकडी. हे त्यांनी मला सांगितलंच नाही. टॅब्लेट कपाटात ठेवून दिला. विचारलं तर "उन्हाचं वाचवत नाही" म्हणाले. दिवसभर समोरच्या चेस्टनटच्या झाडाकडे बघत बसायचे. सोमवारी रात्री जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाले, "घराची कागदपत्रं लोखंडी कपाटात आहेत, वरच्या खणात. किल्ली देवघरात." मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं.

मंगळवारी उलगडा झाला तो आमच्या तेरा वर्षांच्या मुलीमुळे. तिचं मराठी बोलणं ठीक आहे, वाचन मात्र अक्षर-अक्षर लावून. आजोबा वाचत का नाहीत म्हणून तिने टॅब्लेट काढला, पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "आजोबा, मला पण वाकडंच दिसतंय."

मग मी नीट पाहिलं. खरोखरच वाकडं होतं! शब्दाच्या मध्ये एखादं जोडाक्षर आलं की शिरोरेषा तिथे केसभर वर उचललेली, पुढच्या अक्षराला पुन्हा खाली. जिना असतो तशी. माझ्या डोळ्यांना हे का दिसलं नव्हतं? कारण मी वाचत होतो. सवयीचा वाचक शब्द बघतो, रेघ बघत नाही. रेघ बघणारे घरात दोघंच, एक जिला अजून नीट वाचता येत नाही ती, आणि एक ज्याने आयुष्यभर प्रुफं तपासली आणि ज्याला डॉक्टरने रेघेवरच लक्ष ठेवायला सांगितलंय तो.

बाबांनी मुलीच्या हातातून टॅब्लेट घेतला, दुसरं पुस्तक उघडलं. रेघ सरळ. पुन्हा पहिलं. वाकडी. दोनदा-तीनदा केलं. काही बोलले नाहीत. मग बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

आता हे झालं कसं? मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी पुस्तकांच्या फायली कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. त्या रात्री कॅलिबर उतरवून घेतलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ई-पुस्तकं सांभाळायचं, बदलायचं हे मोफत सॉफ्टवेअर कोविद गोयल या भारतीय वंशाच्या माणसाने २००६ साली सुरू केलं आणि ते आजही उत्तम चालू आहे. ईपब पुस्तक म्हणजे प्रत्यक्षात एक झिप केलेलं गाठोडं असतं. आत वेबसाइटला असतात तशीच एचटीएमएलची पानं आणि ती कशी दिसावीत हे सांगणारी सीएसएसची फाइल. कधी सोबत फॉन्टही बांधून दिलेला असतो. ॲपमध्ये आपण 'आकार सात' म्हणतो, तेव्हा ती एक विनंती असते. पुस्तकाच्या फायलीत 'अक्षर मूळ आकाराच्या इतक्या पट' असं लिहिलेलं असेल तर विनंती मान्य होते. 'अमुक इतके पॉइंटच' असं ठोकून लिहिलं असेल तर काही ॲपं वाचकाचं ऐकतात, काही पुस्तकाचं.

मी एकेक करून चाळीस-एक पुस्तकं उघडली. एकाच सातवर कुठे ओळीत सहा शब्द मावत होते, कुठे अकरा. एकात ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या हिशेबाने बांधलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांत घुसलेले. आपल्या लिपीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते हे ते पान मांडणाऱ्याच्या गावीही नव्हतं. एक पुस्तक म्हणजे नुसते पानांचे फोटो, त्याला आकार वगैरे काही लागूच नाही. आणि बाबांना घाबरवणाऱ्या त्या पुस्तकात प्रकाशकाने बांधून दिलेला फॉन्ट अपुरा होता. काही जोडाक्षरांना लागणारी चिन्हं त्यात नव्हतीच. जे अक्षर मिळत नाही ते ॲप आपल्याजवळच्या दुसऱ्या फॉन्टमधून आणून बसवतं, आणि दोन फॉन्टच्या शिरोरेषा एका उंचीवर असायचं काही कारण नाही. रोमन अक्षरं सुटी सुटी उभी असतात, तिथे अशी उसनवारी खपून जाते. आपल्याकडे सगळी अक्षरं एका दोरीवर टांगलेली, तिथे लगेच उघडं पडतं.

सगळ्यात मजेशीर प्रकार (तेव्हा मजेशीर वाटला नाही) निराळाच होता. एका कादंबरीचा फॉन्ट ॲपमधून बदलला तर पूर्ण पुस्तक रोमन अक्षरांची खिचडी होऊन गेलं. कारण त्यात देवनागरी नव्हतीच! नव्वदच्या दशकात आपल्याकडे डीटीपी आलं तेव्हाचे बरेच फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवून केलेले होते. फाइलमध्ये साठलेलं असतं रोमन, त्या फॉन्टचा मुखवटा चढवला की दिसतं मराठी. युनिकोडचा पहिला मानक १९९१चा आणि त्यात देवनागरी होतीच, पण छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. किंडलवर मराठी अधिकृतपणे आलं ते २०१६च्या डिसेंबरात. म्हणजे मधल्या काळातलं बरंचसं मराठी प्रकाशन त्या जुन्या फायलींत पडलेलं. त्यातून युनिकोडमध्ये आणताना कोणी यंत्रावर भरवसा ठेवून पुन्हा प्रुफं पाहिली नाहीत, की मग 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. एका कथेत लग्नघरी 'आचार्यांनी बटाटे सोलायला घेतले' हे वाक्य बाबांना सापडलं. ते होते आचारी! दोन दिवस ते सगळ्यांना फोन करून हे सांगत होते. तेव्हा मला कळलं, बाबा परत आले.

घरच्या प्रकाशकांवर मी चिडलोय असं नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती ती केवढी, त्यात ई-पुस्तकाचा खप तो केवढा. कोण बसणार प्रत्येक फाइल निरखत. पण मुलीची जर्मन पुस्तकं तिच्या रीडरवर बघितली की पोटात कालवतं. पंधरा प्रकाशकांची पुस्तकं, पण तिने एकदा आकार ठरवला की सगळी त्याच आकारात उघडतात. २८ जून २०२५पासून तर जर्मनीत सुलभतेचा कायदाही लागू झालाय, युरोपीय नियमांनुसार, आणि त्यात ई-पुस्तकं आणि ती वाचायची साधनं दोन्ही आली. अधू नजरेच्या माणसालाही पुस्तक वाचता यावं, ही विक्रेत्याची मेहरबानी राहिली नाही.

असो. मी दुरुस्तीला बसलो. ज्या पुस्तकांना डिजिटल कुलूप होतं ती सोडून दिली, ते तोडणं इथल्या कायद्यात बसत नाही. त्यातली दोन बाबांना हवीच होती, ती छापील मागवली. बाकीच्यांवर कॅलिबरमधून सरसकट हात फिरवला. फॉन्ट काढा, आकार काढा, अंतरं काढा, समास काढा, सगळं साफ. वर मराठी वळणाचे ल आणि श असलेला एक मोफत फॉन्ट बसवला. बऱ्याच फायलींत पुस्तकाची भाषा हिंदी किंवा चक्क इंग्रजी लिहिलेली होती. ती मराठी केली की फॉन्टमध्ये सोय असेल तर हिंदी वळणाचा ल जाऊन आपला पाकळीचा ल येतो. महाराष्ट्र सरकारने २००९च्या ६ नोव्हेंबरच्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीचे म्हणून ठरवून दिलेत, पण फाइलने आपली भाषाच खोटी सांगितली तर बिचारा फॉन्ट काय करणार. रात्री दोनला झोपलो. सकाळी बाबांना ऐटीत टॅब्लेट दिला. चाळीसच्या चाळीस पुस्तकं एकसारखी.

दुपारी बोलावणं आलं. शाळेतला आवाज. "हे काय केलंस?"

कवितासंग्रह उघडा होता. कवितांच्या ओळी सलग परिच्छेद झालेल्या. मूळ फाइलमध्ये ओळी तोडायचं काम त्याच सीएसएसमध्ये होतं जे मी पुसलं होतं. कादंबरीत एक पत्र होतं, ते वेगळ्या समासात होतं म्हणून पत्र कळत होतं. आता ते निवेदनातच मिसळलेलं. प्रसंग बदलताना सोडलेली कोरी ओळ गायब, त्यामुळे नायिका एका वाक्यात पुण्याला आणि पुढच्याच वाक्यात बाळंत.

"बाबा, तुम्हालाच सगळं एकसारखं हवं होतं ना?"

"एकसारखं म्हणजे रंधा मारलेलं नव्हे. आमच्या प्रेसमध्ये टाइप कुठला आणि किती पॉइंट हे मालक ठरवायचा. ओळ कुठे तोडायची हे कवी ठरवायचा. मालकाची हिंमत नव्हती कवीच्या ओळीला हात लावायची. तू दोघांचंही पुसलंस."

"मग आता मालक कोण?"

"मी. डोळे माझे आहेत."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ स्पेसिफिकेशन मला कुणी दिलेलं नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं संध्याकाळी बसलो. मी एकेक फाइल उघडायचो, बाबा शेजारी खुर्चीवर. फॉन्ट, आकार, ओळींमधलं अंतर वाचकाचं, ते पुसायचं. कवितेची ओळ, पत्राचा समास, कोरी ओळ, तीन फुल्या हे लेखकाचं, ते जिथल्या तिथे. ठळक अक्षरांवर आमचा वाद झाला. मी म्हणालो लेखकाचं, ते म्हणाले, "अर्ध्या वेळा डीटीपीवाल्या पोराचं." मग एकेक जागा पाहून ठरवलं. शिवाय बाबा कागदावर प्रुफाच्या खुणा करायचे, चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेला अनुस्वार, आणि मी त्या घालायचो. ही पुस्तकं आम्ही कोणाला वाटली नाहीत, वाटायची नाहीतच. पण माझ्या आयुष्यात बाबांशेजारी इतका वेळ मी शाळेनंतर बसलो नव्हतो.

एका रविवारी त्यांना जुन्या दफनभूमीत घेऊन गेलो. बॉनला येणारे लोक तिथे शूमानची कबर बघायला जातात. आम्ही ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलची शोधली. या माणसाने १८२३ साली इथे बॉनमध्ये भगवद्गीता देवनागरीत छापली, लॅटिन भाषांतरासह. त्यासाठी देवनागरीचे खिळे पॅरिसमध्ये करवून घेतले होते. बाबांना गीतेपेक्षा खिळ्यांत रस. "जोडाक्षरांचे वेगळे पाडले असणार. किती असतील रे?" मग स्वतःच म्हणाले, "काही असो, त्याच्या पुस्तकात सगळे एका केसमधले होते. उसने नव्हते." आणि कबरीला नमस्कार केला. शेजारच्या बाकावरच्या जर्मन आजीबाई आमच्याकडे बघतच राहिल्या.

सप्टेंबरपूर्वी बाबा परत गेले, टॅब्लेट घेऊन. जाताना ॲप सातवर होतं आणि कोणतंही पुस्तक उघडलं तरी तोच सात. मोजपट्टी लावून पाहिलं होतं, छापील बारा पॉइंटच्या बरंच वर जातं ते. बाबा मात्र त्याला 'माझा बारा पॉइंट' म्हणतात. २०२५च्या उन्हाळ्यात आले तेव्हाही सातच होता.

गेल्या आठवड्यात नेहमीप्रमाणे रविवारी फोन केला. पाऊसपाणी झालं, भडंगाचे भाव झाले, एका कथेतली आणखी एक चूक सांगून झाली. मग म्हणाले, "मी परवापासून नऊवर आलोय."

"पुस्तक नवीन आहे का? फाइल पाठवा, मी बघतो."

"पुस्तक जुनंच आहे. आपणच केलेलं. तीन पुस्तकं उघडून पाहिली, तिन्ही तशीच." आवाज अगदी साधा होता. "रेघ सरळ आहे, तू घाबरू नकोस. बारीक दिसतंय फक्त. आणि यावेळी ते पुस्तकाचं नाही, एवढं मला कळतंय. मिरजेची वेळ मंगळवारची घेतली आहे, शेजारचा मुलगा नेणार आहे."

मी मंगळवारी रजा टाकली आहे. इथून करणार काय म्हणा, पण फोनजवळ असावं.